पाव मीटरचा पत्ता

एक किलोमीटर लांबीचा पोलादी रूळ एका अंशाने तापला, तर साडेअकरा मिलिमीटरने वाढू पाहतो. मे महिन्यातल्या दुपारी तो पहाटेपेक्षा सहज बावीस-पंचवीस अंशांनी अधिक तापलेला असतो. म्हणजे पहाट ते दुपार एवढ्या वेळात किलोमीटरमागे पाव मीटर वाढ व्हायला हवी. ती होत नाही. पूर्वी रुळांच्या तुकड्यांमध्ये फट सोडलेली असे, आणि लहानपणी आपल्याला झोप आणणारा गाडीचा तो ठेका त्या फटींवरून जाणाऱ्या चाकांचा होता. आता रूळ वितळवून एकमेकांना जोडतात. फट गेली, तसा ठेकाही गेला. वाढू पाहणाऱ्या रुळाला स्लीपर, क्लिपा आणि खडी मिळून जागच्या जागी धरून ठेवतात.

मग न झालेली ती वाढ जाते कुठे? ती जोर होऊन रुळातच मुक्कामाला राहते. आपल्याकडे मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलो वजनाचा रूळ असतो. ज्या तापमानाला तो निवांत अवस्थेत जखडला, त्याहून २० अंश जास्त तापला की त्याच्या पोटात सुमारे ३८ टनांचा दाब उभा राहतो; दोन्ही रुळांत मिळून ७५ टन. रूळ एक किलोमीटरचा असो की दहा, हा आकडा तेवढाच राहतो. थंडीत उलटं होतं. रूळ आक्रसू पाहतो आणि तोच जोर आता जोड तोडायला बघतो. फलाटावरून पाहताना यातलं काहीही दिसत नाही. रूळ नुसता पडून असल्यासारखा वाटतो.

श्वास रोखून धरलेली ही वस्तू भारतात एक लाख किलोमीटरहून अधिक लांब पसरलेली आहे. तिच्यावर नजर ठेवण्याचं काम दीडशे वर्षांहून अधिक काळ पायी चालणाऱ्या माणसांनी केलं, आणि आजही तीच करतात. हातोडा आणि पाना घेऊन रोज आपल्या पाच-सहा किलोमीटरच्या हद्दीतून जाणारे की-मॅन, पावसाळ्यात रात्रीच्या काळोखात गस्त घालणारे पॅट्रोलमन. त्यांच्या जोडीला आता मापनगाड्या आल्या, सेन्सर आले आणि त्यांतून चोवीस तास निघणारे आकडे आले. ते आकडे रुळापासून उचलायचे, धुऊन-पुसून घ्यायचे, एकमेकांशी जुळवायचे आणि ज्याला हवेत त्याच्या हाती वेळेवर ठेवायचे, हे काम करणाऱ्यांना डेटा इंजिनिअर म्हणतात. त्यांच्या कामाबद्दल वाचू लागलो तेव्हा मला वाटलं होतं की अवघड प्रश्न ‘किती?’ हा असणार. रूळ किती सरकला, किती झिजला, किती वाकला. खरा अवघड प्रश्न निघाला ‘कुठे?’

तरी आधी ‘किती’कडेच जाऊ, कारण तिथेही एक नवल दडलेलं आहे.

रूळ मोजणारी गाडी साधारण दर पाव मीटरला नोंद घेत जाते. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, जे आपल्या ब्रॉडगेजवर १,६७६ मिलिमीटर असतं, दोन्ही रुळांच्या उंचीतला फरक, प्रत्येक रूळ वर-खाली किती लहरतो आणि डावी-उजवीकडे किती, आणि पीळ. पीळ समजायला चौरंग आठवा. उंचसखल जमिनीवर ठेवलेल्या चौरंगाचे तीन पाय टेकतात आणि चौथा अधांतरी राहतो. डब्याखालच्या चार चाकांच्या बोगीचंही तसंच होतं. आणि अधांतरी राहिलेल्या चाकाला रुळावर चढून बाहेर पडायला फारसं निमित्त लागत नाही. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत कोकण रेल्वेचा मार्ग सुमारे ७४० किलोमीटरचा. एकदा ही गाडी तिथून गेली की एकेका मापाचे जवळजवळ तीस लाख आकडे जमतात. अशी सहा-सात मापं धरली तर एका फेरीत दोन कोटी.

हे मोजमाप वजनाखालीच व्हावं लागतं. मोकळा रूळ सरळ दिसतो, पण एखाद्या स्लीपरखालची खडी खचलेली असेल तर तो स्लीपर रुळाला नुसता लोंबकळत असतो. चाक आलं की दबतो, गेलं की वर येतो. खालचा पोकळपणा चाकालाच नीट कळतो.

आता दोऱ्याची गोष्ट. रूळ सरळ आहे का, वळण नीट आहे का, हे पाहायची जुनी रीत म्हणजे दोरा. रुळाच्या कडेला दोन टोकांना दोरा ताणून धरायचा आणि मधोमध रूळ दोऱ्यापासून किती अंतरावर आहे ते पट्टीने मोजायचं. अनेक मापनगाड्याही हेच करतात. दोऱ्याऐवजी तीन जागी बसवलेले सेन्सर असतात, एवढाच फरक. समजा दोरा १० मीटरचा आहे आणि रुळात १० मीटर लांबीच्या लाटा आहेत. दोऱ्याची दोन टोकं दोन माथ्यांवर आली की मधला बिंदू बरोबर खळग्यात येतो आणि लाटेची पूर्ण खोली मापात उतरते. आता समजा रुळातल्या लाटा ५ मीटर लांबीच्या आहेत. दोन टोकं माथ्यांवर, आणि मधला बिंदूही माथ्यावर. माप शून्य. दोरा जरा पुढे सरकवा, तिन्ही बिंदू एकदमच खाली उतरतात. पुन्हा शून्य. रूळ या टोकापासून त्या टोकापर्यंत लाटांनी भरलेला, आणि १० मीटरचा दोरा सांगतो की सगळं ठीक आहे!

हे वाचल्यावर मी कागदावर लाटा काढून पट्टी ठेवून पाहिली. खरोखर शून्य येतं. दोरा खोटा नाही, मोजणाऱ्याचा हात चुकलेला नाही, आणि तरीही उत्तर चूक. म्हणून मापनगाड्या वेगवेगळ्या लांबीचे दोरे एकत्र वापरतात, किंवा मधोमध मोजण्याऐवजी एका टोकाजवळ मोजतात, किंवा दोरा सोडूनच देतात आणि त्वरणमापकाला बसणाऱ्या हिसक्यांवरून रुळाचा आकार गणिताने उभा करतात. या शेवटच्या रीतीलाही तिचं आंधळेपण आहे. गाडी फार हळू गेली की हिसकेच बसत नाहीत आणि आकार हाती लागत नाही. म्हणून नुसता आकडा साठवून चालत नाही. तो कोणत्या गाडीने, कोणत्या दोऱ्याने, किती वेगात मोजला हे त्याच्या पाठीला बांधूनच ठेवावं लागतं. पाच वर्षांनी कुणी तो आकडा उघडला तर त्याला काय दिसत होतं आणि काय दिसूच शकत नव्हतं, हे कळलं पाहिजे.

आता ‘कुठे’.

आपण कुठवर आलो हे मापनगाडीला चाक सांगतं. चाकाचे फेरे मोजायचे आणि परिघाने गुणायचं, इतकं सोपं. डब्याच्या नव्या चाकाचा व्यास ९१५ मिलिमीटर असतो, परीघ सुमारे २.८७ मीटर. पण चाक झिजतं. व्यास फक्त एका मिलिमीटरने कमी झाला तरी किलोमीटरमागे एक मीटरहून थोडी जास्त चूक होते. शंभर किलोमीटर गेल्यावर गाडीचा हिशेब १०९ मीटरने हललेला असतो. शिवाय ब्रेक लागताना ओल्या रुळावर चाक घसरतं आणि काही अंतर मोजलंच जात नाही. घड्याळाचाही भरवसा धरता येत नाही. १०८ किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ३० मीटर जाते, त्यामुळे दोन यंत्रांच्या घड्याळांत एका सेकंदाचा फरक असेल तर त्यांच्या नोंदींत ३० मीटरचा खड्डा पडतो. आणि आपल्याला पत्ता हवा आहे पाव मीटरचा.

मग उपग्रह आहेत की! उघड्या आकाशाखाली साधं जीपीएस काही मीटरपर्यंत जागा सांगतं. दुहेरी मार्गावर शेजारची लाइन जेमतेम चार-पाच मीटरवर असते, म्हणजे गाडी अपवर आहे की डाउनवर हेसुद्धा त्यावरून छातीठोक सांगता येत नाही. आणि कोकणात तर आकाशच मधूनमधून नाहीसं होतं. या मार्गावर नव्वदाहून अधिक बोगदे आहेत, त्यांची एकूण लांबी ८० किलोमीटरच्या पुढे जाते, आणि रत्नागिरीच्या अलीकडचा एकटा करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. गाडी एका तोंडाने आत शिरली की दुसऱ्या तोंडाने बाहेर पडेपर्यंत तिला फक्त चाकाच्या शब्दावर विसंबावं लागतं. चाक तीन मिलिमीटर झिजलेलं असेल आणि हिशेबात नवंच धरलेलं असेल, तर करबुडेच्या पलीकडे येईपर्यंत ती स्वतःला २१ मीटर पुढे समजू लागते.

किलोमीटरचे दगड तरी खरे मानावेत, तर तेही पूर्ण खरे नसतात. एखादं वळण सरळ केलं किंवा मार्ग थोडा बाजूने नेला की त्या जागी अंतर कमी-जास्त होतं. पुढचे शेकडो दगड उपटून पुन्हा कोण लावणार? त्यापेक्षा तो एकच किलोमीटर तोकडा किंवा लांब ठेवतात. कागदावर तो एक किलोमीटरच असतो, जमिनीवर ९६० मीटरचाही असू शकतो. हे माहीत नसलेला संगणक त्या दोन दगडांच्या मधल्या प्रत्येक दोषाला चुकीच्या जागी नेऊन ठेवतो.

आणि यापुढे नावांचा प्रश्न आहे, जो मला सगळ्यात मानवी वाटतो. रुळाची माणसं जागा सांगतात किलोमीटरने आणि खांबाने. सिग्नलवाले सांगतात पॉइंटच्या नंबराने. विजेच्या तारांचं काम बघणारे सांगतात मास्टच्या नंबराने. पुलाला त्याचा स्वतःचा नंबर. ड्रोन सांगतो अक्षांश-रेखांश. गाडी चालवणारे लोको पायलट सांगतात, “होम सिग्नलच्या अलीकडे, डाव्या बाजूला जोराचा हिसका बसला.” सगळे एकाच ठिकाणाबद्दल बोलत असतात आणि सगळे बरोबर असतात. या सगळ्या पत्त्यांचं एकमेकांत भाषांतर करणारा एकच तक्ता तयार करणं आणि तो रोज ताजा ठेवणं, हे डेटा इंजिनिअरच्या कामातलं सर्वांत कष्टाचं, सर्वांत न दिसणारं आणि माझ्या मते सर्वांत मोलाचं काम आहे.

मग पाव मीटरचा पत्ता शेवटी मिळतो कुठून? रुळाकडूनच. इथे मी थक्क झालो. राजगडावर उभं राहून समोरचा तोरणा ओळखताना आपण अक्षांश-रेखांश पाहत नाही. डोंगराची रेघ पाहतो. तशीच प्रत्येक रुळाला त्याची स्वतःची रेघ असते. इथे अर्ध्या मिलिमीटरची लहर, पुढे एका जोडाचा उंचवटा, मग वळणाची चढती कमान, मग पुलावरचा वेगळाच नूर. मागच्या फेरीची रेघ आणि या फेरीची रेघ दोन पारदर्शक कागदांवर काढली आहेत असं समजा. वरचा कागद हळूहळू मागेपुढे सरकवायचा, जिथे दोन्ही डोंगररांगा एकमेकींवर नेमक्या बसतात तिथे थांबायचं. झिजलेल्या चाकामुळे एक रांग ताणल्यासारखी असेल तर ती तेवढी आखडून घ्यायची. हे सरकवणं संगणक करतो, कोट्यवधी आकड्यांवर, आणि रूळ स्वतःच्या सूक्ष्म वेडेवाकडेपणावरून स्वतःला ओळखतो. जो वाकडेपणा शोधायला निघालो, तोच वाटाड्या होतो.

इतका अट्टहास कशासाठी? घरात दाराच्या चौकटीवर मुलांची उंची नोंदवतात, तशासाठी. आज एका जागी ३ मिलिमीटरचा खळगा आहे, यात फारसं काही नाही. चार महिन्यांपूर्वी तिथेच १ मिलिमीटर होता, दोन महिन्यांपूर्वी २, हे कळलं तर गोष्ट बदलते. पुढच्या पावसाआधी तिथे खडी बसवायला माणसं पाठवता येतात. पण तीनही नोंदी त्याच जागेच्या हव्यात. दोन-तीन मीटर इकडेतिकडे झालं तर आपण शेजारच्या मुलाची उंची आपल्या मुलाच्या रेघेपुढे लिहीत बसतो. मधल्या काळात टॅम्पिंग मशीन तिथून जाऊन रूळ उचलून नीट करून गेलं असेल, तर तेही हिशेबात यायला हवं, आणि ती नोंद बहुतेक वेळा दुसऱ्याच विभागाच्या दुसऱ्याच वहीत असते.

पत्ता नसला की काय होतं, हे ब्रिटनने २००० साली पाहिलं. १७ ऑक्टोबरला लंडनहून लीड्सला निघालेली गाडी हॅटफील्डजवळच्या वळणावर ताशी सुमारे १८५ किलोमीटरच्या वेगात असताना रूळ फुटला. नुसता तडकला नाही. त्याचे तीनशेहून अधिक तुकडे झाले. चार माणसं गेली. चाकांच्या सततच्या दाबाने आणि घर्षणाने रुळाच्या वरच्या कोपऱ्यात केसासारखे बारीक तडे पडतात आणि आत आत जातात, तो हा रोग. त्या जागेचा दोष आधीच लक्षात आलेला होता. बदलायचे रूळही उपलब्ध झाले होते. ते योग्य जागी पोहोचले नाहीत. त्याहून मोठा धक्का नंतर बसला. असेच तडे देशात आणखी कुठे कुठे आहेत, हा साधा प्रश्न विचारला गेला आणि त्याचं खात्रीचं उत्तर मार्गाची मालकी असलेल्या रेलट्रॅक कंपनीकडे नव्हतं. आपल्या मालमत्तेची नीट, एकत्र नोंदच तिच्याकडे नव्हती. म्हणून हजाराहून अधिक ठिकाणी गाड्यांचा वेग उतरवावा लागला, आणि ब्रिटनची रेल्वे कित्येक महिने रखडत चालली. कंपनी पुढच्याच वर्षी कोलमडली. २००२ मध्ये नेटवर्क रेल या नव्या संस्थेने काम हाती घेतलं आणि २००३ पासून पिवळ्या रंगाची एक वेगवान मापनगाडी त्या देशाचे रूळ मोजत फिरू लागली. पोलादाचा रोग पोलादाच्या अभ्यासकांना ठाऊक होता. यादी नव्हती.

आपल्याकडे कोकण रेल्वेने वेगळी किंमत मोजली आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ आणि १६ जून २००४ ला महाडच्या बाजूला करंजाडीजवळ गाड्या घसरल्या, अनेक माणसं गेली. दोन्ही वेळा कारण एकच, रुळावर आलेले दगड. पावसाळ्याचं वेगळं, संथ वेळापत्रक आज आपण गृहीत धरतो, त्याच्यामागे ही वर्षं आहेत. डोंगरउतार कापून सपाट केले, जाळ्या लावल्या, गस्त वाढवली. आणि मापकं आली. पर्जन्यमापकं काही स्टेशनांवर, पूर सांगणारी यंत्रणा काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर, वारा मोजणारी यंत्रं चार ठिकाणी: रत्नागिरी आणि निवसरच्या मधला पानवलचा पूल, गोव्यातले मांडवी आणि झुआरीचे पूल, आणि होन्नावरजवळचा शरावतीचा पूल. पानवलचा पूल दरीच्या तळापासून सुमारे ६४ मीटर उंच आहे, कुतुबमिनारपेक्षा थोडाच बुटका. तिथे आषाढातला वारा आडवा येतो. वाऱ्याने ठरलेली मर्यादा ओलांडली की गाडीला पुलावर जाऊ देत नाहीत.

आता त्या वाऱ्याच्या यंत्राकडून ‘शून्य’ असा आकडा आला असं समजा. याचे अर्थ किती? एक, वारा पडला आहे. दोन, वारा भणाणतो आहे आणि यंत्राच्या वाट्या खारट हवेने गंजून अडकल्या आहेत. तीन, यंत्र ठीक आहे, पण तार तुटली आणि कुणा आज्ञावलीने रिकाम्या जागी शून्य लिहून टाकलं. पहिल्या शून्यावर गाडी सोडायची असते. दुसऱ्या आणि तिसऱ्यावर सोडली तर? माझ्या मते या सगळ्या विद्येचा गाभा इथे आहे. शून्य आणि काहीच नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या कधीही एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत.

त्यासाठी काय काय करतात ते पाहण्यासारखं आहे. प्रत्येक यंत्राने ठरावीक वेळाने ‘मी जिवंत आहे’ एवढं सांगायचं, नाडीसारखं. नाडी थांबली की त्याचा शेवटचा आकडा रद्द. एकच आकडा दशांशापर्यंत तसाच येत राहिला तर संशय घ्यायचा, कारण निसर्गात काहीच इतकं स्थिर नसतं. आणि शेजाऱ्याला विचारायचं. जवळच्या स्टेशनावर पाऊस कोसळतो आहे, दुसऱ्या पुलावर वारा चढला आहे आणि हा एकटाच म्हणतो शांत, तर याला आधी तपासायचं.

उलटा धोकाही तितकाच खरा आहे. समजा तुमच्याकडे दहा हजार जागा आहेत आणि त्यांतल्या दहाच खरोखर बिघडलेल्या आहेत. तुमची यंत्रणा त्या दहाही पकडते, आणि चांगल्या जागांच्या बाबतीत शंभरात फक्त एकदा चुकते. ऐकायला उत्तम वाटतं. हिशेब करा. चांगल्या जागा ९,९९०, त्यांतल्या शंभरेक जागांवर खोटा इशारा. एकूण इशारे एकशेदहा, खरे दहा. म्हणजे रात्री दोन वाजता, धो धो पावसात, छत्री उलटी होत असताना, पॅट्रोलमनला अकरा वेळा धावावं लागेल तेव्हा एकदा काही सापडेल. दोन-तीन आठवड्यांत त्यांचा विश्वास उडतो, आणि मग खरा इशाराही त्या दहा खोट्यांसारखाच वाटतो. इशाऱ्याची मर्यादा कुठे ठेवायची, हे ठरवताना संगणकासमोर बसलेल्याने त्या पावसातल्या माणसाच्या पायांचा विचार केलाच पाहिजे. ज्यांनी कधी रुळाच्या कडेने खडीवरून चालून पाहिलेलं नाही, त्यांनी अशी मर्यादा ठरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जपानमध्ये शिंकान्सेनचे मार्ग तपासणारी एक पिवळी गाडी होती. लोक तिला ‘डॉक्टर यलो’ म्हणत. साधारण दहा दिवसांतून एकदा ती प्रवासी गाड्यांच्याच वेगाने धावत रूळ आणि तारा तपासून जाई. तिचं वेळापत्रक जाहीर होत नसे, म्हणून ती दिसणं हे शुभ मानलं जाई. मुलं तिच्यासाठी फलाटावर थांबत. तशा दोन गाड्यांपैकी एक जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाली. तिचं काम आता नव्या प्रवासी गाड्यांतच बसवलेली यंत्रं करणार आहेत. डॉक्टर दहा दिवसांनी येण्याऐवजी येणारी-जाणारी गाडीच नाडी बघत जाते. आकडे त्यामुळे कितीतरी पटींनी वाढतात, आणि त्या प्रत्येकाला पत्ता हवा असतो.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे गाडीच नको. रुळाच्या कडेने संदेशवहनासाठी जमिनीत काचेचा धागा पुरलेला असतो, ऑप्टिकल फायबर. त्याच्या एका टोकातून प्रकाशाचा अगदी छोटा झोत सोडतात. काचेतल्या सूक्ष्म असमानतेमुळे त्या झोतातला कणभर प्रकाश वाटेतल्या प्रत्येक ठिकाणाहून मागे परततो. वर जमीन थरथरली की धागा किंचित ताणला जातो आणि परतणारा प्रकाश बदलतो. किती वेळाने परतला त्यावरून जागा कळते. गाडी, कोसळणारा दगड, कुदळीचा घाव, माणसाची पावलं, या सगळ्यांची थरथर वेगळी. ईशान्य सीमांत रेल्वेने याच तत्त्वावर ‘गजराज’ नावाची यंत्रणा आणली आहे. जंगलातून रुळाकडे येणाऱ्या हत्तींच्या पावलांची चाहूल जमिनीतल्या धाग्याला लागते, आणि गाडीचा वेग वेळेत उतरवता येतो. काचेच्या केसाएवढ्या धाग्याला हत्ती ऐकू येतो!

काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. ४० किलोमीटर जाऊन परत यायला त्याला एका सेकंदाचा अडीच हजारावा भाग लागतो. म्हणजे सेकंदाला अडीच हजार झोत सोडता येतात. दर मीटरला एक माप धरलं तर एका झोताची ४० हजार मापं, आणि एका सेकंदाची दहा कोटी. कोकण रेल्वेवरून मापनगाडी संपूर्ण फेरीत जितके आकडे आणेल, त्याच्या पाचपट हा एक धागा एका सेकंदात ओततो. इतकं साठवून ठेवणं शक्य नाही आणि शहाणपणाचंही नाही. म्हणून रुळाच्या कडेच्या पेटीतच निवड करावी लागते: हे ठेव, हे विसर. पण काही घडलंच तर आधीच्या काही तासांची कच्ची नोंद तपासायला लागते, म्हणून तेवढी शिल्लक ठेवून बाकीची सतत पुसत राहायची.

आणि इतक्या सगळ्या झगमगाटानंतर प्रश्न पुन्हा तोच उरतो. धागा सांगतो, ‘माझ्या १२,३४० व्या मीटरवर काहीतरी पडलं.’ पण धागा रुळाला समांतर, सरळ गेलेला नसतो. स्टेशनापाशी केबलची वेटोळी करून ठेवलेली असतात, पुलापाशी ती वर चढते, मोरीपाशी वळसा घेते. केबलचा मीटर आणि रुळाचा मीटर यांचा मेळ कुठल्याच नकाशावर मिळत नाही. म्हणून यंत्रणा सुरू करताना एक माणूस रुळाच्या कडेने पायी निघतो. किलोमीटरच्या खुणेपाशी थांबतो, फोनवर आपली जागा सांगतो आणि हातातल्या हातोड्याने जमिनीवर ठोका देतो. दूरच्या खोलीत पडद्यावर एक रेघ उमटते. खोलीतला डेटा इंजिनिअर त्या रेघेपुढे रुळाचा पत्ता लिहितो आणि सांगतो, “मिळाला. पुढे चला.” चाळीस किलोमीटरच्या धाग्याला पत्ता असा एकेका ठोक्याने द्यावा लागतो.